परदेशी भाषा शिकायला मराठी लागते

बारावीचा निकाल लागला की पुण्या-मुंबईकडच्या अनेक घरांत एक ठरलेला संवाद घडतो. मुलगी म्हणते, मला जर्मन घेऊन बीए करायचंय. आईवडील एकदम नाही म्हणत नाहीत, तेवढा समजूतदारपणा आता आला आहे. ते म्हणतात, "अगं, जर्मन शीक ना, कोण नको म्हणतंय? क्लास लाव. बीकॉम करता करता होऊन जाईल. त्यासाठी कॉलेजची तीन वर्षं कशाला घालवायची?" सल्ला मायेने दिलेला असतो आणि वरवर पाहता चोख असतो. तरीही तो मला पटत नाही. भाषा म्हणजे फावल्या वेळात पदरात पाडून घ्यायचं एक कसब, असं त्यात धरून चाललेलं असतं. या समजुतीपायी वाचणारी, शब्दांवर जीव असलेली आपली कितीतरी मुलं भाषांच्या पदवीकडे फिरकतच नाहीत. आणि जी फिरकतात, त्यांना तुम्ही इथे कशासाठी आलात, हे कुणी विचारत नाही.

क्लासला मी नावं ठेवत नाही. मॅक्स म्युलर भवन, आलियाँस फ्राँसेज, रानडे इन्स्टिट्यूटमधला पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग यांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसं तयार केली. ए-वनपासून सी-टूपर्यंतच्या पायऱ्या, जपानीसाठी एन-फाइव्ह ते एन-वन, प्रत्येक पायरीला परीक्षा, ही घडी चांगली बसलेली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला. सुमारे दहा हजार कुशल मनुष्यबळ तिकडे पाठवायचं ठरलं आणि त्यासाठी जर्मन शिकवण्याची योजनाही आली. नर्सिंग झालेल्या लातूरच्या मुलीला तिथल्या रुग्णाशी बोलता आलं पाहिजे, डॉक्टरची सूचना कळली पाहिजे. तिच्यासाठी नेमका क्लास हाच मार्ग आहे. तिने जर्मन साहित्यात पदवी घ्यावी, असं कुणीही म्हणणार नाही.

विद्यापीठाचं काम याच्या पुढे सुरू होतं. भाषेच्या पदवीत काय असतं, हे आपल्याकडे फारसं सांगितलंच जात नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पहिलं वर्ष क्लाससारखंच जातं: उच्चार, व्याकरण, साधे परिच्छेद. मग हळूहळू त्या समाजाचा इतिहास येतो, भाषाशास्त्राची ओळख होते, अनुवादाचा सराव सुरू होतो. तिसऱ्या वर्षापर्यंत काफ्काची एखादी कथा मुळातून, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायची वेळ येते. १९४५ नंतर जर्मन लेखकांना स्वतःच्याच भाषेची भीती का वाटू लागली, नाझी राजवटीने बारा वर्षं वापरून बरबटवलेल्या शब्दांत पुन्हा कविता कशी लिहायची, हा प्रश्न त्यांना का छळत होता, हे समजून घ्यावं लागतं. रेस्टॉरंटमध्ये जेवण मागवता येणं आणि हा प्रश्न कळणं यांत बरंच अंतर आहे, आणि ते कापायला संध्याकाळचे दोन तास पुरत नाहीत.

इथे व्हिक्टर क्लेम्पेरर यांची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ते ड्रेस्डेनमध्ये फ्रेंच साहित्याचे प्राध्यापक होते, म्हणजे परदेशी भाषेचेच अध्यापक. जन्माने ज्यू असल्यामुळे १९३५ मध्ये त्यांची नोकरी गेली. मग ग्रंथालयाचे दरवाजे बंद झाले, पुढे राहतं घरही सोडावं लागलं. अभ्यासाचं साहित्यच हातातून गेल्यावर त्यांनी आजूबाजूला बोलली जाणारी भाषा अभ्यासायला घेतली. वर्तमानपत्रातल्या जाहिराती, रेडिओवरची भाषणं, कारखान्यातल्या कामगारांचं बोलणं यांतले शब्द राजवटीने कसे वळवून घेतले, याच्या नोंदी ते लपूनछपून डायरीत करत राहिले. डायरी सापडली असती तर जीव गेला असता. त्या नोंदींवरून लिहिलेलं त्यांचं पुस्तक १९४७ मध्ये आलं आणि हुकूमशाही भाषेचं काय करते, हे समजून घेण्यासाठी ते आजही वाचलं जातं. आयुष्यभर दुसऱ्या लोकांची भाषा बारकाईने वाचण्याची सवय लागलेल्या माणसालाच आपल्या भाषेत चाललेली ही उलथापालथ इतकी स्पष्ट दिसली. भाषेच्या पदवीचा उपयोग काय, असं विचारणाऱ्याला मी हे उदाहरण देतो.

आता अर्जाकडे वळू. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, रशियन, जपानी, चिनी, कोरियन, अरबी, फारसी अशा भाषांत बीए ऑनर्स करता येतं, आणि पहिल्या वर्षाला येताना ती भाषा आधी येत असलीच पाहिजे अशी अट नसते. ही फार मोठी सोय आहे. महागडी शाळा, परदेशवारी यांतलं काहीही नसलेला जालन्याचा मुलगाही तिथे शून्यापासून रशियन शिकू शकतो. २०२२ पासून हा प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. संगणकावर बसायचं, बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे, गुण आले की प्राधान्यक्रम भरायचा, आणि जी भाषा वाट्याला येईल ती घ्यायची. म्हणजे भाषेच्या विभागात विद्यार्थी निवडले जातात आणि या सगळ्यात त्यांच्याकडून कुठल्याही भाषेत एक वाक्यसुद्धा लिहून घेतलं जात नाही.

लाखो मुलांची परीक्षा घ्यायची तर दुसरं काय करणार, ही अडचण मला मान्य आहे. पण त्यात काय हरवतं, तेही पाहायला हवं. ब्रिटनमध्ये विद्यापीठाचा अर्ज यूकास या एकाच संस्थेमार्फत जातो. त्यात विद्यार्थ्याला स्वतःबद्दल चार हजार अक्षरांपर्यंत लिहावं लागतं, आणि २०२६ च्या प्रवेशांपासून ते लेखन तीन प्रश्नांत विभागलं आहे. त्यातला पहिलाच प्रश्न असा, की तुम्हाला हाच विषय का शिकायचा आहे? ऑक्सफर्डसारख्या ठिकाणी पुढे मुलाखतही होते. तिथल्या व्यवस्थेत खोट पुष्कळ आहे. शिकलेल्या घरातली मुलं दुसऱ्याकडून निबंध घासूनपुसून घेतात, हेही जगजाहीर आहे. तरीही अठरा वर्षांच्या मुलाला आयुष्यात एकदा तरी कागदासमोर बसून 'का' याचं उत्तर लिहावं लागतं. आपल्याकडे तो प्रश्न ना अर्जात येतो, ना घरात. घरात विचारलं जातं ते 'पुढे काय?'

आणि 'का' न विचारल्याचा परिणाम अकरावीपासूनच दिसतो. आपल्याकडे अकरावी-बारावीला दुसरी भाषा म्हणून मराठीऐवजी जर्मन किंवा फ्रेंच घ्यायची सोय आहे. हुशार म्हणवणारी किती मुलं या सोयीचा फायदा घेतात, हे कुठल्याही नामांकित ज्युनिअर कॉलेजात जाऊन पाहावं. कारण एकच: स्कोअरिंग आहे. मराठीत कितीही चांगलं लिहिलं तरी गुण कापले जातात, जर्मनमध्ये व्याकरण आणि ठरावीक उतारे केले की नव्वदच्या वर कुठे गेले नाहीत. मुलांना मी दोष देत नाही, एकेका गुणावर प्रवेश ठरत असताना ती दुसरं काय करणार? पण हा व्यवहार दोन्ही भाषांना मारून जातो. मराठी सुटते ती कायमची सुटते. आणि जर्मन? निकालाच्या दुसऱ्या दिवशी पुस्तकं रद्दीत जातात. दोन वर्षं एक भाषा शिकून जर्मन वर्तमानपत्राचा मथळाही वाचता येत नाही, अशी पंचाण्णव टक्केवाली मुलं आपण वर्षानुवर्षं तयार करतो आहोत. एखादी भाषा गुणांसाठी जवळ करायची आणि गुण मिळाले की टाकून द्यायची, याची सवय लागलेल्या पिढीला भाषेत पदवी घ्यावीशी वाटत नाही, यात नवल कसलं?

माझं खरं म्हणणं आता सांगतो. परदेशी भाषा विद्यापीठात शिकायला जाणाऱ्या मुलाजवळ सर्वांत आधी मराठी हवी. चांगली, वाचलेली, लिहिती मराठी. हे भावनेच्या भरात म्हणत नाही, त्यामागे अगदी रोखठोक कारणं आहेत.

पहिलं कारण व्याकरणाचं. आपल्याकडे परदेशी भाषा बहुतेक इंग्रजीतून शिकवल्या जातात, पुस्तकं इंग्रजीतून असतात, स्पष्टीकरणं इंग्रजीतून होतात. आता हे जपानी वाक्य पाहा: 'वाताशि वा आशिता पुणे कारा मुंबई ए देन्शा दे इकिमासु.' शब्दाखाली शब्द ठेवून मराठी करा: मी, उद्या, पुण्याहून, मुंबईला, आगगाडीने, जाणार. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. कर्ता आधी, क्रियापद शेवटी. 'हून', 'ला', 'ने' हे जसे आपल्याकडे नामाच्या मागे लागतात, तसेच 'कारा', 'ए', 'दे' तिथे लागतात. हेच वाक्य इंग्रजीतून समजावायचं तर क्रियापद उचलून पुढे आणा, मागचे प्रत्यय काढून नामाच्या पुढे ठेवा, आणि जपानी लिहिताना ती सगळी उलटापालट पुन्हा निस्तरा. मराठी मुलाला जी वाट सरळ आहे, ती आपण इंग्रजीचा वळसा घालून शिकवतो आणि वर म्हणतो, जपानी फार अवघड बुवा. मोठ्यांशी बोलताना क्रियापद बदलणं, नम्रतेच्या पायऱ्या सांभाळणं हेही जपानीत आहे. 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांतला फरक ज्याच्या अंगवळणी पडला आहे, त्याला त्यामागचा विचार समजावून सांगावा लागत नाही.

जर्मनचंही थोडंफार तसंच. इंग्रजीतून शिकणाऱ्याला नामांची तीन लिंगं म्हणजे शिक्षा वाटते. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल' हे ज्याच्या तोंडात बसलं आहे, त्याला चमच्याला एक लिंग आणि सुरीला दुसरं, यात काहीच वेडंवाकडं वाटत नाही. लिंगं पाठ त्यालाही करावी लागतात, कारण दोन भाषांची लिंगं जुळतातच असं नाही. पण निर्जीव वस्तूला लिंग कशाला, हा प्रश्न त्याला अडवत नाही. जर्मन गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाऊन बसतं, तेही आपल्या ओळखीचं. माझी भाषांच्या विभागांना विनंती आहे की मराठी मुलांसाठी जपानी, जर्मन, रशियन यांची प्राथमिक व्याकरणं मराठीतून, मराठीशी ताडून पाहत लिहा. असे सुटे प्रयत्न झाले आहेत, पण अभ्यासक्रमाच्या मध्यभागी ते अजून आलेले नाहीत.

दुसरं कारण मला याहून महत्त्वाचं वाटतं. आपला इतिहास दुसऱ्या भाषांत पडून आहे. कोस्मे द ग्वार्दा याने पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं शिवाजी महाराजांचं चरित्र १७३० मध्ये लिस्बनला छापलं गेलं. वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, तिथल्या व्यापाऱ्यांच्या पत्रांत कोकणातल्या घडामोडींच्या बातम्या आहेत. महाराजांच्या दक्षिण दिग्विजयाबद्दल पाँडिचेरीच्या फ्रान्स्वा मार्तँ याने फ्रेंचमध्ये लिहून ठेवलं आहे. गोव्याच्या पुराभिलेखागारात मान्सूनच्या वाऱ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून लिस्बन आणि गोवा यांच्यात झालेल्या पत्रव्यवहाराची बाडंच्या बाडं आहेत, आणि त्यांत मराठ्यांचा उल्लेख पदोपदी येतो. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य त्या दफ्तरात घालवलं म्हणून पोर्तुगीज-मराठे संबंधांचं इतकं तरी आपल्याला माहीत झालं. फारसीच्या बाबतीत ग. ह. खरे आणि सेतुमाधवराव पगडी यांनी तेच केलं. या माणसांना परकी भाषा येत होती आणि मराठी इतिहासाची तहानही होती. यांतलं एक असून दुसरं नसतं तर काम उभं राहिलं नसतं.

आज महाराजांवर आपण किती बोलतो, किती सिनेमे काढतो, किती मिरवणुका काढतो. सतराव्या शतकातली पोर्तुगीज किंवा डच पत्रं मुळातून वाचू शकणारी विशी-पंचविशीतली मराठी माणसं मात्र हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकायची सोय आहे. दिल्लीच्या प्राधान्यक्रमात फारसी आहे. मुलं ती यादीत सगळ्यांत खाली टाकतात, आणि कमी गुण पडून ती वाट्याला आली तर घरात सुतकी कळा येते. मी तर म्हणेन, मराठी मुलाला फारसी मिळाली तर पेढे वाटावेत.

उलट बाजूने पाहिलं तर आपण घेणेकरी नाही, देणेकरी आहोत. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्याला आला, इथली भाषा शिकला, आणि त्याचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या एका परक्या माणसाने आपल्या छंदात लिहिल्या. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, आजही त्याच्यावाचून पान हलत नाही. गी देल्युरी या फ्रेंच माणसाने पुण्यात राहून विठोबाच्या संप्रदायाचा अभ्यास केला आणि तुकारामांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले. हायडेलबर्गचे ग्युंथर सोंथायमर धनगरांच्या मागे माळरानं हिंडले आणि खंडोबाबद्दल त्यांनी असं काही लिहिलं की आपल्यालाच आपला देव नव्याने कळला. हे लोक आपली भाषा कामचलाऊ शिकून थांबले नाहीत, तिच्या आतल्या खोल्यांत ते शिरले. त्यांच्या भाषांत तितकं खोल शिरलेली आपली माणसं किती? आपण फ्रेंच नाटककार मोलिएर वाचला तो हरिभाऊ आपट्यांच्या काळापासून बहुतेक इंग्रजीच्या मध्यस्थीने. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, ही मोठीच कामगिरी. पण जपानी कवितेची आपली ओळखही इंग्रजी अनुवादांच्या वाटेनेच झाली. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंद झाला. पण अभिजात मराठीतली एखादी कादंबरी थेट जपानीत किंवा स्पॅनिशमध्ये जायची असेल, तर ती नेणारा माणूस कुठल्या वर्गात बसून तयार होतो आहे, याचं उत्तर आपल्याजवळ असायला हवं.

यंत्र करेल की अनुवाद, असं आता कुणीही पटकन म्हणतं. यंत्र करतंही. यंत्राची नियमावली, हॉटेलचं बुकिंग, कंपनीचा ईमेल यांचा अनुवाद ते बऱ्यापैकी करतं, आणि नुसत्या असल्या कामावर पोट भरणाऱ्या अनुवादकांचे दिवस कठीण आहेत, हे मुलांना स्पष्ट सांगितलं पाहिजे. मात्र यंत्राने केलेला अनुवाद बरोबर आहे की चूक, हे ठरवायला दोन्ही भाषा मुरलेला माणूस लागतो, आणि मराठीसारख्या भाषेत तो अधिकच लागतो, कारण यंत्राला आपल्या भाषेचं वाचन तसं थोडंच मिळालेलं आहे. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०२३ मध्ये परदेशी भाषांच्या बहुतेक पदव्या बंद केल्या. इंग्लंडने २००४ मध्ये चौदा वर्षांपुढच्या मुलांना परदेशी भाषेची सक्ती उठवली, आणि आता तिथे एकामागून एक विभाग आक्रसत आहेत. इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे, त्यांना जगाने आपल्याशी इंग्रजीत बोलावं असं वाटणं एक वेळ समजू शकतं. आपल्याला तशी चैन परवडणारी नाही. त्यांचं पाहून आपणही तोच धडा गिरवला, तर नुकसान फक्त आपलं होईल.

नोकरीचं काय, याचं उत्तर टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. भाषेची पदवी घेतली की लगेच गलेलठ्ठ पगार मिळतो, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. दुभाषे, शाळा-कॉलेजांतले शिक्षक, पर्यटन, परदेशी कंपन्यांमधली कामं, प्रकाशन अशी क्षेत्रं आहेत. पुढे एमए केलं की कॉलेजात शिकवण्यासाठीची नेटची परीक्षाही या भाषांत देता येते. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती परदेशातल्या विद्यापीठांत जपानी भाषा-संस्कृती घेऊन पदवी करत असलेल्या मुलांसाठीही असते. क्लासच्या प्रमाणपत्रावर ती मिळत नाही, विद्यापीठातला प्रवेश लागतो. सुरुवातीची काही वर्षं ओढाताणीची जातात, हे खरं आहे. ज्या घरात पहिल्या पगाराची ताबडतोब गरज आहे, त्या घरातल्या मुलाने आधी पोटाची सोय पाहिली तर त्याला कुणी बोल लावू नये. माझा आग्रह आहे तो ज्यांना तीन वर्षांची उसंत मिळू शकते आणि जे ती उसंत निव्वळ भीतीपोटी नाकारतात, त्यांच्यासाठी.

विद्यापीठांकडे एक मागणी करावीशी वाटते. भाषेच्या पदवीला प्रवेश देताना, गुणांची यादी लागल्यानंतर का होईना, प्रत्येक विद्यार्थ्याकडून त्याच्या स्वतःच्या भाषेत एक पान लिहून घ्या: ही भाषा का, आणि ती शिकून तुझ्या भाषेत काय आणणार आहेस. मराठीत, बंगालीत, मल्याळममध्ये, ज्याच्या त्याच्या भाषेत. ती पानं तपासायला माणसं लागतील, वेळ लागेल, तो द्यावा. आणि विद्यापीठं हे करेपर्यंत यंदा अर्ज भरणाऱ्या मुलामुलींनी वाट पाहू नये. प्राधान्यक्रम भरण्याआधी ते एक पान तुम्हीच मराठीत लिहा आणि घरच्यांना वाचायला द्या.